भांग-उधाणाचं टाइमटेबल

गेल्या आठवड्यात बाबांनी घरामागच्या वाळूत पुन्हा बांबू रोवले. पावसाळाभर पडवीत आडवे पडलेले, बुंध्याशी काळे झालेले तेच बांबू. मी आतल्या खोलीत होते. बांबू वाळूत उतरताना एक दबका आवाज येतो, तो आला आणि मला एकदम दमल्यासारखं झालं. अजून कुठलंच काम केलेलं नव्हतं, तरी. मग दोऱ्या ताणल्या गेल्या. बाबा आणि काका बराच वेळ एकमेकांना "वढ, वढ, आता पुरे" म्हणत राहिले, आणि ऊन कलेपर्यंत वलांडी उभी राहिली. बोंबील सुकवायची ही बांबू-दोऱ्यांची मांडणी आमच्या दांडी गावात जवळजवळ प्रत्येक घरामागे असते. ती उभी राहिली की हंगाम लागला असं सगळे समजतात. मला मात्र गेल्या वर्षापासून तिच्याकडे बघितलं की पालघरच्या क्लासमधला पांढरा फळा आठवतो, त्यावरच्या मार्करचा झोंबणारा वास आठवतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सुरू केला होता.

बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथी. त्यामुळे कॉलेजनंतर काय करतात हे विचारायला घरात कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर एमबीए म्हणजे नक्की काय, हे मलाही नीट माहीत नव्हतं. वर्गातली पूजा परीक्षा देणार होती. तिचे वडील बोईसरच्या एका कारखान्यात कामाला, घरात हिंदी बोलतात, पण ती जन्मापासून बोईसरची, त्यामुळे तिचं मराठी माझ्याइतकंच. तिनं विचारलं, "तू पण देतेस का?" आणि मी हो म्हटलं. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला विचारत राहिले की मला हे कशासाठी हवंय. उत्तर सापडलं ते इतकं साधं होतं की कुणाला सांगायची लाज वाटायची. मला असं काम हवं होतं, जे रोज ठरलेल्या वेळी सुरू होतं आणि ठरलेल्या वेळी संपतं.

ज्यांचं घर समुद्रावर चालतं त्यांनाच हे कळेल. आमची होडी खाडीत येते ती भरतीच्या पाण्यावर. पाणी चढल्याशिवाय आत येता येत नाही. आणि भरती रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा येते. आज बाराला, तर उद्या पाऊणला, परवा दीडला. पुनव आणि अमावस्येच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाण्याला ओढ असते, डोलीच्या जाळ्यात मासळी येते, घरातला प्रत्येक माणूस किनाऱ्यावर लागतो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी सुस्त, होड्या बहुतेक किनाऱ्याला. म्हणजे आमचा दिवस सूर्यावर कमी आणि तिथीवर जास्त चालतो. जेवण कधी, आंघोळ कधी, आईनं पाठ कधी टेकायची, सगळं त्यावर. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार यांत तसा काही फरक नसतो.

बाबांनी परीक्षेला नाही म्हटलं नाही. जाळं विणता विणता, मान वर न करता ते म्हणाले, "ये साल तू परीक्षा दे. लागला नंबर तं जा, कसा करायचा ता आमी बघू. नाय लागला तं आगोटीला जागेवर बस. आयचा खांदा आता टोपली उचलत नाय."

ते एवढंच बोलले. पण त्यात सगळं आलं होतं. जागा म्हणजे बोईसरच्या बाजारातली आईची जागा. तिच्याआधी ती आजीची होती. त्या जागेला भिंत नाही, छप्पर नाही, कसला कागद नाही. बाई रोज येऊन बसते म्हणून ती जागा तिची. एक हंगाम कुणी बसलं नाही, की शेजारणींच्या टोपल्या हळूहळू सरकत जातात आणि जागा भरून जाते. त्यावर कुणी भांडतही नाही, कारण नियम सगळ्यांना माहीत असतो. सासूमागे सून बसते, आईमागे लेक. मी एकटीच, भाऊ नाही, त्यामुळे सून यायची नव्हती. आईचा उजवा खांदा दोन हंगामांपासून दुखत होता. हात डोक्याच्या वर जात नव्हता. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावर लोक चार महिन्यांची सुकी मासळी भरून ठेवतात तो काळ, बाजारातला सगळ्यात मोठा धंदा. तोवर जागेवर बसणारं माणूस ठरायला हवं होतं. बाबा कठोरपणे बोलले नव्हते. जे होतं ते त्यांनी सांगितलं होतं.

रविवारी मी आणि पूजा पालघरला क्लासला जायचो. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना छापलेलं वेळापत्रक दिलं. क्वांट म्हणजे गणित, रीझनिंग, व्हर्बल म्हणजे इंग्रजी, मॉक टेस्ट म्हणजे सराव परीक्षा, सगळे चौकोन रंगीत. "रोज त्याच वेळी, त्याच जागी बसा," सर म्हणाले. "मेंदूला सवय लावा. मग तो आपणहून त्या वेळी उघडतो." मला हे वाक्य फार आवडलं. माझं कॉलेज सकाळचं. दुपारी एक ते चार क्वांट, संध्याकाळी रीझनिंग, असं मी ठरवलं आणि तो कागद आतल्या खोलीच्या दाराला लावला. बाबांनी येता-जाता तो बघितला. थोडा वेळ उभे राहून बघितला.

"छान हाय," ते म्हणाले. "दर्याला दाखवलास का?"

आठवडाभरातच उधाण आलं. मी कॉलेजातून येऊन पुस्तक उघडायचे आणि मागून हाक यायची, "दर्शे, चल गो, होडी लागली." की उठायचं. बोंबील फार नाजूक, उन्हात पडून राहिला तर पाणी सुटून वाया जातो. तो धुवायचा, मग दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची. पुन्हा दोन घ्यायचे. बोंबलाचे दात बारीक असतात, सुईसारखे. दुपार सरेपर्यंत बोटांची टोकं सोललेली. संध्याकाळी पेन धरलं की मीठ लागल्यासारखं चरचरायचं आणि डोळ्यांपुढे आकडे एकमेकांत अडकलेले दिसायचे. दुसऱ्या दिवशी होडी पाऊण तास उशिरा. मी म्हणायचे, बरं झालं, तेवढा वेळ आधी बसू. पण त्या वेळात कान मागच्या दाराकडे. हाक येणार हे माहीत असताना वाचलेलं डोक्यात जात नाही. हाकेनंतर वाचलेलंही जात नाही, ते वेगळ्या कारणानं.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ आठवते. अंकगणितात एक धडा असतो, होडी आणि प्रवाहाचा. मी पडवीत बसून मोठ्यानं वाचत होते, म्हणजे झोप येऊ नये म्हणून. एक होडी प्रवाहाच्या दिशेनं अमुक अंतर जाते, प्रवाहाच्या विरुद्ध परत येते, तर होडीचा वेग किती. बाबा बाजूलाच होते.

"पानी येकाच चालीनं वाहतंय?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. गणितात तसंच असतं."

"सुखी हाय गनितवाला. आनी गेला तो आला, तवर मासली काय गावली?"

"तसं नाही विचारलेलं."

"मंग गेला कशाला?"

आई आतून हसली. मीही हसले. उत्तर चुकलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या धड्याची भीती वाटली नाही.

दिवाळीनंतर कधीतरी मी दारावरचा कागद काढला आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं. परीक्षेपर्यंतच्या सगळ्या अष्टम्या शोधल्या. प्रत्येक अष्टमीच्या आगेमागचे दिवस अभ्यासाचे, तेव्हा जितकं होईल तितकं ओढायचं. नवे धडे तेव्हा, मॉक टेस्ट तेव्हाच. पुनव-अमावस्येच्या दिवसांत फक्त हातानं काम करताना डोक्यात घोळवता येईल तेवढं, इंग्रजी शब्द किंवा पाढे. सर म्हणाले होते रोज त्याच वेळी बसा. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. पण महिन्यातल्या त्याच तिथ्यांना बसणं होण्यासारखं होतं. मी हे पूजाला दाखवलं तेव्हा तिनं पानं मागेपुढे उलटून बघितली.

"यार," ती म्हणाली, "लोग क्वांट में कमजोर होते हैं, व्हर्बल में कमजोर होते हैं. तू अमावस्या में कमजोर है."

मग तिनं सांगितलं की त्यांच्याकडेही असंच आहे, फक्त चंद्राऐवजी कंपनी आहे. पप्पांची पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी असली की दिवसभर एका खोलीत ते झोपलेले, पान उलटलं तरी आवाज होतो. तेव्हा ती जिन्यात बसून वाचायची. आम्ही दोघी क्लासच्या बाहेर वडापाव खात उभ्या होतो आणि मला एकदम प्रश्न पडला की त्या वर्गात ते छापलेलं वेळापत्रक नक्की कुणासाठी छापलं असेल.

एकदा उधाणातल्या रविवारी मी क्लासची मॉक टेस्ट बुडवली. पुढच्या वेळी सरांनी कारण विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, उधाण होतं." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "म्हणजे?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगू लागले, अडखळत, मान खाली घालून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमची अडचण खरी आहे. पण परीक्षा तुमची तिथी बघून येणार नाही." ते रागावून बोलले नव्हते, म्हणूनच ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

तरीही तो हिवाळा मला आवडीनं आठवतो. भांगातल्या दुपारी. किनारा निवांत, होड्या चिखलात एका कुशीवर कललेल्या. बाबा पडवीत फाटलेलं जाळं पसरून बसायचे, त्यांची सुई आत-बाहेर व्हायची, आणि मी भिंतीला टेकून गणितं सोडवायचे. आम्ही बोलायचो नाही. मधेच ते उठून चहा टाकायचे, माझा पेला पुस्तकापासून लांब ठेवायचे. मागे वलांडीवर अर्धवट सुकलेले बोंबील वाऱ्यानं एकमेकांवर आपटायचे, कागद हलल्यासारखा कोरडा आवाज. अशा दिवसांत माझे मार्क वाढत गेले. पूजा एकदा माझं पुस्तक नाकाशी नेऊन म्हणाली, "तुझ्या प्रॉबॅबिलिटीला बोंबलाचा वास येतो. भूक लागते यार." बसमध्ये कुणी शेजारी बसलं की मी पिशवी मांडीवरून खाली ठेवायचे. पूजासमोर मात्र तसं करावं लागलं नाही.

परीक्षेची तारीख रामनवमीच्या आदल्या दिवशी आली होती. म्हणजे अष्टमी. म्हणजे भांग. ती तारीख कळली तेव्हा मी कॅलेंडरवर बोट ठेवून दोनदा बघितली. शेवटचे चार-पाच दिवस पूर्ण मोकळे मिळणार होते, त्यात सगळी उजळणी बसणार होती. आईनं देवाला हात जोडले. बाबा म्हणाले, "चांगली तिथ धरलानी." जणू परीक्षा घेणाऱ्यांनी आमच्याकडे विचारणा केली होती.

मग, परीक्षा अगदी तोंडावर आलेली असताना, ती आठवडाभर पुढे गेली.

पूजाचा फोन आला. ती आनंदानं ओरडतच होती. "एक आठवडा जास्त मिळाला! बघितलंस का?" क्लासच्या ग्रुपवर सगळे खूश. कुणी उजळणीचा नवा बेत टाकत होतं, कुणी हात जोडल्याची चित्रं. मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. नवी तारीख चैत्री पुनवेला होती, म्हणजे ऐन उधाणात. साऱ्या राज्यातल्या मुलांना एक आठवडा वाढवून मिळाला होता आणि माझा आठवडा गेला होता. हे कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, मला कळेना. पूजा फोनवर म्हणाली, "काय झालं? बोल ना." मी म्हटलं, "काही नाही. बरं झालं."

त्यातही कदाचित निभावलं असतं. पण त्या वर्षी माघापासून बोंबील असा लागलाच नव्हता. बाबा रिकाम्या टोपल्या घेऊन यायचे आणि कुणी काही विचारायचं नाही. आणि नेमका चैत्राच्या उधाणात तो आला. एकादशीपासूनच होडी काठोकाठ. वलांडीच्या दोऱ्या खाली झुकल्या, बाबांनी आणखी बांबू आणले, काकूच्या अंगणातही दोऱ्या बांधल्या. सगळा गाव हसत होता. इतके दिवस वाट बघितलेली मासळी दारात पडलेली असताना मी पुस्तक घेऊन आत बसू शकले नाही. कुणी मला बोलावलंही नाही त्या पहिल्या दिवशी. मीच गेले. आई डाव्या हातानं टांगत होती, उजवा अंगाशी धरून. ते बघून आत कसं बसणार?

द्वादशीच्या संध्याकाळी आईनंच माझ्या हातातली जोडी काढून घेतली. "तू बोईसरला जा. पूजाकडे ऱ्हा दोन दिस. हितं तुझा काय व्हनार नाय."

"आणि हे?"

"हे आमी बघू. जा गो, वाद घालू नको."

मी गेले. पूजाचे पप्पा त्या आठवड्यात सकाळच्या पाळीला होते, त्यामुळे खोली दिवसभर रिकामी आणि शांत. पूजाच्या आईनं गादी घातली, पंखा लावला, दार लोटून घेतलं. पूजा एका भिंतीला, मी समोरच्या. खिडकीतून कारखान्याचा धूर दिसत होता आणि समुद्राचा आवाज नव्हता. उधाणात मला पहिल्यांदाच अशी दुपार मिळाली होती जिच्यात कुणीही हाक मारणार नव्हतं. मी पुस्तक उघडलं. पहिला प्रश्न वाचल्याचं मला आठवतं.

जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता. पूजा चहा घेऊन शेजारी बसली होती.

"उठवलं का नाहीस?"

"उठवलं होतं. तू 'आले, आले' म्हणालीस आणि पुन्हा झोपलीस." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मी बोली, सोने दो बेचारी को."

दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तसंच. मी बसायचे, ओळी पुसट व्हायच्या, मान कलायची. वर्षभराची सगळी उधाणं त्या गादीवर येऊन माझ्या अंगावर पडली होती. परीक्षेच्या सकाळी आम्ही दोघी विरारच्या केंद्रावर गेलो. थंडगार हॉल, स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. सुरुवात बरी झाली. पण साडेबाराच्या सुमाराला माझा हात माउसवर थांबला. आता पाणी भरलं असेल, होडी खाडीच्या तोंडाशी असेल, आई पदर खोचत असेल. मी मान झटकून पुढचा प्रश्न वाचला, पुन्हा थांबले. सरांनी सांगितलं होतं की मेंदू सवयीच्या वेळी आपणहून उघडतो. तसाच तो सवयीच्या वेळी मिटतही असावा. मला माहीत नाही. शेवटचे बरेच प्रश्न मी वाचलेच नाहीत.

घरी आले तेव्हा वलांडीवर माणसाच्या उंचीची पांढरी भिंत उभी होती. बाबांनी "कसा गेला?" असं विचारलं आणि मी "बरा" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे.

निकाल लागला. पूजाचा नंबर ठाण्याच्या एका कॉलेजात लागला. माझे गुण वाईट नव्हते, पण जाता येईल अशा कुठल्याच कॉलेजाच्या यादीत नाव बसलं नाही. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत मी वाट बघितली. आगोट तर त्याआधीच सुरू झाली होती. तेव्हाच ठरल्याप्रमाणे मी टोपली घेऊन बोईसरला गेले आणि आईच्या जागेवर बसले. रडले वगैरे नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या जनामावशीनं आपली टोपली चार बोटं मागे घेतली, माझ्यासाठी. म्हणाली, "बस गो. पाय नीट पसरून बस, दिस लांब असतो."

दिवस खरंच लांब असतो. पावसाळाभर मी तिथं बसले, निळ्या प्लास्टिकखाली. धंदा मला जमतो. गिऱ्हाईक ओळखता येतं, भाव कुठे सोडायचा ते कळतं. हिंदी बोलणारे कामगार संध्याकाळी पाळी सुटल्यावर येतात, "दीदी, सूखा वाला दो" म्हणतात. या कामात कमीपणा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आईनं याच जागेवर बसून माझी फी भरली. फक्त पूजाचा फोन यायचा तेव्हा मी उठून बाजाराच्या कडेला जायचे. ती तिथलं सांगायची, प्रेझेंटेशन, ग्रुप, रोज नऊला पहिलं लेक्चर. मी ऐकायचे. परत येऊन बसले की बराच वेळ मला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. पुन्हा परीक्षा द्यावी का, हे मी घरात विचारलंच नाही. बाबांनी एक वर्ष म्हटलं होतं आणि ते एक वर्ष त्यांनी दिलं होतं.

परवा सकाळी मी बाजारात टोपली मांडत होते. बघते तर आई रिक्षातून उतरतेय. गेल्या आगोटीनंतर ती पहिल्यांदाच बाजारात आली होती. तिच्यामागे कल्पनावहिनी, आमच्या आळीतली, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली. तिच्या डोक्यावर टोपली. आईनं जागेवर उभं राहून दोन्ही बाजूंना बघितलं, सगळ्या बायकांना दिसेल असं, आणि म्हणाली, "आजपासून ही बसंल हितं. आमची मासलीपन हीच इकनार."

जनामावशीनं हातातला तराजू खाली ठेवला.

"काय गो, लेक जित्ती हाय आनी जागा दुसऱ्याच्या सुनंला?"

"माझी जागा हाय. मी कोनालापन दीन."

"दिलेली परत मिलत नाय, म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय." आईनं मला दंडाला धरून उठवलं, डाव्या हातानं. "पूजाचा फोन आला का दोन दिस तू बोलत नायस. मी काय आंधली हाय? घरी जा. परीक्षेला बस."

"बाबांना विचारलंस?"

"त्येच बोल्ले. मला म्हनले, तू सांग. त्यांनी येक साल म्हटलेला ना, म्हनून त्यांना बोलाया जमना."

"आणि या वर्षीही नाही लागला तर?"

कल्पनावहिनी अवघडून उभी होती, टोपली अजून डोक्यावरच. आईनं ती उतरवायला हात लावला, खांदा दुखला असावा, ओठ आवळले. "तवाचा तवा बघू," ती म्हणाली. "तू बस पकड. ऊन चढतंय."

बसमध्ये मी रिकाम्या हातांनी बसले होते. इतक्या सकाळी, रिकाम्या हातांनी, मी त्या रस्त्यावरून कधी आले होते ते मला आठवेना. आनंद झाला का, असं कुणी विचारलं असतं तर हो म्हणता आलं नसतं. आजीपासून चालत आलेली जागा माझ्यासाठी गेली होती आणि आता तिकडे परतायला वाट नव्हती. मला थकवाच जास्त जाणवत होता. आणि भीती. आतापर्यंत कुणी विचारलं की अभ्यास का होत नाही, तर माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते खरंही होतं. आता ते उत्तर माझ्याजवळून काढून घेतलं गेलं होतं.

काल अमावस्या होती. मी जेवून आतल्या खोलीत बसले, दार अर्धं लोटून. बाराच्या पुढे खाडीत इंजिनाचा आवाज आला. मग काकूची धावपळ, टोपल्या ओढल्याचा आवाज, वाळूवर पाण्याची बादली ओतल्याचा. कुणीतरी हसलं. आई म्हणाली, "हिकडं टाका, हिकडं, सावलीत." माझं पेन आपोआप खाली ठेवलं गेलं होतं आणि एक पाय जमिनीवर टेकला होता. मी तशीच थांबले, उठायच्या बेतात. दारामागून पावलं गेली, परत आली, पुन्हा गेली. हाताची बोटं मी उगाच एकमेकांवर घासत होते.

बराच वेळ गेला. कुणी हाक मारली नाही.

मी पाय वर घेतला, पेन उचललं, आणि अर्धवट वाचलेला प्रश्न पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला घेतला.